मागच्या सीटवरची परीक्षा

लोक तिला जीपमावशी म्हणायला लागले तेव्हा ती अवघी एकतीस वर्षांची होती. आता एकाहत्तर झाली, तरी नाव काही सुटलं नाही. दूधवाला, शेजारीण, औषधांच्या दुकानातले काका, सगळ्यांची ती मावशी. खरं तर ती जीप भंगारात जाऊनही अठरा वर्षं झाली होती. फिरत्या दवाखान्याची गाडी होती ती. आत एक डॉक्टरीणबाई, एक कंपाउंडर आणि औषधांच्या सहा पेट्या. डोंगरातल्या तेवीस वस्त्यांवर तिची आठवड्याची फेरी असायची. ती गाडी मावशीनं बावीस वर्षं हाकली, आणि एवढ्या वर्षांत गाडी एकदाही दरीकडं तोंड करून उभी राहिली नाही, असं ती स्वतःच सांगायची.

त्यामुळं तिच्या थोरल्या मुलानं सात जणांची मोठी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा तज्ज्ञ घरातच बसलेली होती. फक्त थोरल्यानं तिला विचारलं नव्हतं. तीन महिने तो फोनवर गाड्यांचे व्हिडिओ बघत होता. कुठल्या गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच, कुठली किती खोल पाण्यातून जाते, हे त्याला पोरांच्या परीक्षेच्या तारखांपेक्षा पक्कं पाठ झालं होतं.

"अहो, घरात एवढी जाणती बाई बसलीये, आईंना विचारा तरी," सून म्हणाली.

"आईला काय विचारायचं? तिला हीच आवडणार. जीपचीच मोठी बहीण आहे ती." त्यानं फोन पुढं केला. चौकोनी तोंडाची, उंच, काळी गाडी एका दगडी कड्यावर चढत होती.

मावशी खिडकीपाशी बसून नातवाच्या शाळेच्या पँटचं बटण लावत होती. तिनं दातानं दोरा तोडला. "शनिवारी जाऊ. पण सातही जण चला. लेकीला आणि जावयांना मी फोन करते. आणि सामान घेऊन चला."

"कसलं सामान? आपण गाडी बघायला चाललोय."

"म्हणूनच."

शनिवारी सकाळी शोरूमच्या काचेच्या दारातून जी वरात आत शिरली ती बघून तिथला विक्रेता दोन पावलं मागं सरकला. मध्यम वयाचा, गळ्यात टाय, हातात टॅब, चेहऱ्यावर कायमचं हसू. पुढं मावशी, तिच्या मागं मुलगा, सून, बारा वर्षांची नात, सहा वर्षांचा नातू, लेक आणि ताडमाड उंच जावई. आणि प्रत्येकाच्या हातात काही ना काही. दोन सूटकेसा, गादीची वळकटी, पाण्याचा वीस लिटरचा कॅन, बुटांची पिशवी, नातवाची छोटी सायकल.

"कुठं बाहेरगावी निघालात का?" विक्रेत्यानं विचारलं.

"निघू, तुमची गाडी नेत असेल तर," मावशी म्हणाली.

थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण विक्रेता मुरलेला होता. त्यानं काळ्या गाडीचं दार अदबीनं उघडलं आणि सुरुवात केली. एवढा मोठा पडदा, आवाजानं चालणारी गाणी, छतातली काच, थंड होणारी सीट. थोरला पुढं बसून स्टेअरिंगवरून हात फिरवत होता. मावशी ऐकून घेत होती. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "छान आहे. आता मला मागं बसू द्या."

"मधल्या सीटवर ना, आजी?"

"त्याच्याही मागं."

मधली सीट दुमडायला एक खटका होता. मावशीनं नातीला तो ओढायला लावला. पोरीनं दोन्ही हातांनी ओढला, पाय लावून ओढला, सीट ढिम्म. शेवटी विक्रेत्यानंच ती दुमडली. मावशी एका हातानं गुडघा आणि एका हातानं दार धरून आत गेली. जावयांनाही तिनं बोलावलं. बिचारे संकोचानं आत आले आणि बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला टेकत होते.

"जावईबापू, कसं वाटतंय?"

"ठीक आहे की," ते म्हणाले. सासूबाईंना नाही कसं म्हणणार?

"मागची सीट तशी लहान मुलांसाठीच असते हो," विक्रेता बाहेरून म्हणाला.

"मुलं मोठी होतात. गाडी तेवढीच राहते."

मग सातही जण आत बसले आणि सामान मात्र बाहेर फरशीवर राहिलं. मागचं दार उघडून बघितलं तर सीटच्या पाठीमागं एक सूटकेस उभी राहील एवढीच जागा. बाकी सगळं टपावर बांधावं लागणार होतं. नातवानं सायकल छातीशी धरली आणि सगळ्यांकडं संशयानं बघितलं.

फेरी मारायची वेळ आली तेव्हा विक्रेता म्हणाला, आमचा ठरलेला मार्ग आहे, बाहेरच्या मोठ्या रस्त्यानं वळसा घालून परत. मावशीनं मान हलवली. "गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच गाड्या गुणी असतात. मागं जुन्या दगडखाणीचा रस्ता आहे ना? तिकडं घ्या."

विक्रेत्यानं आत जाऊन कोणाला तरी विचारलं आणि तो परत आला. सून आणि लेक सामानापाशी थांबल्या. थोरला चालवायला, शेजारी विक्रेता, मधे नात, आणि सगळ्यात मागं मावशी, जावई आणि त्यांच्या मधोमध नातू.

खाणीचा रस्ता म्हणजे नावालाच रस्ता. ट्रकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, मोकळे दगड, मधूनच आडवा चर. थोरला नुसता खुलला होता. त्यानं चारही चाकांना ताकद देणारं बटण फिरवलं, छोटा गिअर टाकला, आणि ती अजस्र गाडी रेड्यासारखी मान खाली घालून चढ चढली. एवढा मोठा चर तिनं असा ओलांडला की पुढं बसलेल्यांना फक्त झोपाळ्यासारखं वाटलं.

मागं वेगळीच कथा होती. प्रत्येक चराला तिघंही सीटवरून उठत आणि दणकन खाली येत. तिसऱ्या चराला जावयांचं डोकं छताला लागलं. नातू आधी हसत होता, मग गप्प झाला, मग त्याचा चेहरा पांढरा पडला. मावशीनं त्याचं डोकं आपल्या कुशीत दाबून धरलं.

"कशी वाटली, आई?" वर चढाव संपल्यावर थोरल्यानं वळून विचारलं. त्याचे डोळे लकाकत होते.

"पुढून उत्तम," मावशी म्हणाली. "आता तू मागं ये. मी चालवते."

विक्रेता चपापला. पण मावशीनं पर्समधून लायसन्स काढून त्याच्या हातात दिलं. मुदत संपायच्या आत ती दर वेळी नवं करून घ्यायची. नवरा गेल्यापासून नऊ वर्षांत तिनं स्टेअरिंगला हात लावला नव्हता, पण हे तिनं तिथं सांगितलं नाही. सीट पुढं ओढून घेतली, आरसे लावले, आणि थोरला ज्या वेगानं आला होता त्याच वेगानं, ना कमी ना जास्त, तिनं गाडी खाली आणली. तिच्या मनात असतं तर ती तोच रस्ता अर्ध्या धक्क्यांत उतरली असती. पण तिला ते करायचं नव्हतं.

खाली आल्यावर थोरला डोकं चोळत बाहेर पडला आणि शेजारच्या चहाच्या टपरीकडं गेला. मावशी त्याच्या मागोमाग गेली. दोघं बाकड्यावर बसली.

"बाबा असते तर त्यांनी हीच घेतली असती," तो म्हणाला. आवाजात लहान मुलासारखा रुसवा होता. "मला आठवतंय ना. मी पुढं बसायचो, त्यांच्याशेजारी. गिअरचा दांडा माझ्या गुडघ्यांच्या मधे. नदी ओलांडताना ते म्हणायचे, पाय वर घे, पाणी येतंय. किती मजा यायची आई. माझ्या पोरांना ती मजा द्यायची आहे मला."

"पुढं बसायचास, म्हणून मजा," मावशी म्हणाली. "तुझी बहीण कुठं बसली होती ठाऊक आहे? पोटात. आणि मी मागं."

ही गोष्ट त्यानं अर्धीमुर्धी ऐकलेली होती. मावशीनं ती त्या दिवशी पहिल्यांदा पुरती सांगितली.

तेव्हा गाडी त्याचे बाबा चालवत. डोंगरातल्या दवाखान्यालाच लागून दोन खोल्या होत्या, तिथं हे कुटुंब राहायचं. बाबांना आपल्या हाताचा मोठा अभिमान. "माझ्या गाडीत बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलत नाही," असं ते येईल त्याला सांगत. जीपच्या मागच्या भागात समोरासमोर दोन लाकडी बाकं होती. आजारी माणूस न्यायचा असला की त्यातल्याच एकावर आडवा करायचा.

एके दिवशी दुपारी मावशीच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. डॉक्टरीणबाई नेमक्या शहरात गेलेल्या. बाबांनी तिला बाकावर निजवलं, थोरल्याला पुढं बसवलं आणि गाडी काढली. शहराला पोचायला अडीच तास लागले.

"अडीच तास मी वरचा लोखंडी पाइप बघत होते," मावशी म्हणाली. "त्याला अकरा बोल्ट होते. एका हातानं बाक धरलेलं, दुसऱ्या हातानं स्टेपनी. तुझे बाबा फार हळू चालवत होते रे. त्यांना मनापासून वाटत होतं की मला फुलासारखं नेतायत. आणि तू पुढून ओरडत होतास, बाबा, अजून एक खड्डा!"

थोरल्यानं खाली बघितलं. "मी सात वर्षांचा होतो."

"मग? तुला कोण बोल लावतंय? दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी बहीण झाली. हे हसत हसत आत आले. मी म्हटलं, एकदा तुम्ही मागं झोपा, आणि दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्या."

बाबा तेव्हा हसले होते. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी खरंच कंपाउंडरच्या हातात किल्ली दिली आणि स्वतः बाकावर आडवे झाले. एका वस्तीपर्यंत जाऊन आले. उतरले ते कंबर धरून. रात्रीचं जेवणही धड गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. गाडीखालच्या, धक्के झेलणाऱ्या कमानीतला एक पाटा काढून ती मऊ केली. बाकाखाली जुन्या ट्यूब हवा भरून बसवल्या. त्यावर दोन गाद्या एकत्र शिवून टाकल्या. आणि मग एक दिवस दवाखान्यासमोरच्या माळावर त्यांनी बायकोला स्टेअरिंगवर बसवलं.

"मी म्हटलं, मला कशाला? तर म्हणाले, मागं झोपलेल्या बाईला काय वाटतं ते तुला ठाऊक आहे. तू माझ्यापेक्षा चांगली चालवशील."

टपरीवाल्यानं चहा आणून ठेवला. थोरल्यानं पेला उचलला आणि म्हणाला, "पण डोंगरात जायचं तर ताकद लागतेच ना?"

"लागते. वर्षातून किती वेळा जाणार आहेस?"

"दोनदा. तीनदा म्हण."

"आणि शाळेत रोज दोनदा. डोंगरात गाडी अडली तर उतरून चालता येतं. मागं बसून पोराला रोज मळमळलं तर ते गाडीत बसायलाच नको म्हणेल. मग कुठली मजा देणार त्याला?"

शोरूममध्ये आणखी एक सात जणांची गाडी होती. काळीपेक्षा बुटकी, रंगानं राखाडी, दिसायला अगदी साधी. थोरल्यानं ती व्हिडिओत एकदाच पाहून सोडून दिली होती. तिची मधली सीट पुढंमागं सरकत होती. मधले लोक चार बोटं पुढं सरकले की मागच्यांचे गुडघे मोकळे होत. खटका नातीनं एका हातानं ओढला आणि ती स्वतःच आत जाऊन बसली, स्वतःच बाहेर आली. मागं गार हवेची वेगळी जाळी होती. सामान मात्र हिच्यातही पुरतं मावलं नाही. सूटकेसा आणि कॅन बसले, वळकटी आणि सायकल उरली.

"सायकल टपावर," मावशीनं निकाल दिला. नातवानं तो मान्य केला नाही.

पुन्हा खाणीचा रस्ता. या वेळी मावशी मधल्या सीटवर बसली आणि थोरला आपण होऊन जावई आणि नातवाबरोबर सगळ्यात मागं बसला. गाडी विक्रेत्यानं स्वतः चालवली आणि सुनेनं त्याच्या शेजारी बसून बघितलं. चढावर गाडी जरा धापा टाकत चढली, पण चढली. मोठ्या चरात मात्र खालून खर्रर्र असा आवाज आला आणि विक्रेत्याचं ते कायमचं हसू क्षणभर मावळलं. मावशी खाली उतरली, गुडघ्यावर बसली आणि वाकून गाडीचं पोट बघितलं. एक ओरखडा, बाकी काही नाही.

"खाली लोखंडी पत्रा लावून घ्यायचा. टायर जरा जाड घ्यायचे. आणि हा चर आपण टाळायचा," ती हात झटकत म्हणाली. "मागं कसं होतं?"

थोरल्यानं जावयांकडं बघितलं. जावई म्हणाले, "आता खरंच ठीक आहे." नातू झोपला होता.

राखाडी गाडी घरी आली. पहिले काही दिवस थोरला ती चालवताना जरा हिरमुसलेलाच असायचा. शेजारच्यानं विचारलं, "ती दुसरी घेणार होतास ना?" तर म्हणाला, "आईनं नापास केली." पण नातू मागच्या सीटवर आपली खेळणी लावून बसायला लागला आणि सून आठवडी बाजाराला एकटी गाडी नेऊ लागली, तसतसा तो निवळला.

थंडीत सगळ्यांनी मिळून जुन्या दवाखान्याकडं जायचं ठरवलं. मावशी तिथून बाहेर पडल्यापासून पुन्हा गेली नव्हती. ज्या रस्त्याला तेव्हा अडीच तास लागत तो आता डांबरी झाला होता. पन्नास मिनिटांत शेवटची वस्ती आली. मावशी खिडकीतून बघत होती आणि तिला जागा ओळखू येत नव्हत्या. जिथं चाक रुतायचं तिथं पूल होता. जिथं थांबून ती इंजिनात पाणी घालायची तिथं मोबाइलचा मनोरा होता. "इथं एक मोठं झाड होतं," ती दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा झाड नव्हतं.

वस्तीच्या पुढं डांबर संपलं आणि ओढा आला. पाणी ढोपरभर, पण तळाशी माठाएवढे गोटे. थोरल्यानं गाडी काठावर उभी केली, उतरून पाण्याकडं बघितलं, मग गाडीकडं बघितलं.

"ती मोठी असती तर गेली असती."

"गेली असती," मावशी म्हणाली. "मी खोटं कशाला बोलू? चल, बूट काढ."

नातवाला खांद्यावर आणि मावशीला हाताला धरून त्यानं पाणी ओलांडलं. पलीकडं दहा मिनिटांच्या चालीवर दवाखाना होता. दोन खोल्यांना कुलूप. खिडकीतून दिसलं की आत शाळेची मोडकी बाकं रचून ठेवली आहेत. ओसरीवर पोरांनी डबे उघडले. मावशी समोरच्या माळावर जाऊन एका दगडावर बसली. थोरला तिच्याजवळ आला.

"इथंच शिकलीस ना गाडी?"

"इथंच. त्या कडेपासून या कडेपर्यंत. पहिले आठ दिवस नुसता क्लच."

"नशीब म्हणायचं. तू शिकलीस आणि दोन वर्षांत बाबांचे डोळे एकदम गेले. नाहीतर आपलं काय झालं असतं?"

मावशी म्हणाली, "एकदम कुठं गेले? तुला वाटतं तसं नाही ते. त्यांनी मला शिकवायला घेतलं तेव्हाच त्यांना कमी दिसायला लागलं होतं. संध्याकाळ झाली की गाडी काढायला टाळाटाळ करायचे. आज इंजिन तापलंय, आज ब्रेक बघायचाय. मला महिनाभरात कळलं."

"तू विचारलं नाहीस?"

"नाही. त्यांनीही सांगितलं नाही. ते शिकवत होते, मी शिकत होते. कशासाठी, ते दोघांनाही ठाऊक होतं. मग एक दिवस सकाळी ते डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभे राहिले आणि टेबलावर किल्ली ठेवली. म्हणाले, आता मला दिवसाही कडेचं दिसत नाही, पेशंट घेऊन जाणं बरोबर नाही. बाई म्हणाल्या, अहो, पण उद्यापासून गाडी कोण चालवणार? तर म्हणाले, बाहेर उभी आहे."

थोरल्यानं तोंडावरून हात फिरवला. एवढी वर्षं तो ही गोष्ट लोकांना वेगळीच सांगत आला होता.

"मग पुढं कधीच बोलला नाहीत याबद्दल?"

"एकदाच. पार आंधळे झाल्यावर. मी शेंगा सोलत होते, ते शेजारी बसलेले. अचानक म्हणाले, तू फार लवकर शिकलीस. मला वाटलं होतं, अजून वर्षभर तरी चालवायला मिळेल." मावशी हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. "मला काय माहीत रे. मी आपली जीव तोडून शिकत होते, त्यांना बरं वाटावं म्हणून."

ऊन कलायला लागलं तशी लेकीनं ओसरीवरून हाक मारली. सगळे पुन्हा पाण्यातून अलीकडं आले. नातवाचा एक बूट वाहून गेला, त्यावरून रडारड झाली, जावयांनी पुढं धावत जाऊन तो पकडला.

गाडीपाशी आल्यावर थोरल्यानं खिशातून किल्ली काढली आणि क्षणभर हातात घोळवून सुनेपुढं धरली.

"मी? इथं?" ती म्हणाली. "मी कच्च्या रस्त्यावर कधी चालवलेली नाही."

"म्हणूनच. आई बसेल तुझ्या शेजारी."

सुनेनं सासूकडं बघितलं. मावशी केव्हाच पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली होती. सून बसली, सीट पुढं घेतली, आरसे लावले. गाडी एकदा हिसका देऊन बंद पडली. मागून कोणीतरी हसलं. सुनेनं पुन्हा चालू केली, आणि गाडी दगड चुकवत हळूहळू चढाला लागली. मावशी दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसली होती. वस्ती येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.